'सप्लाय ओके' लिहिण्याआधी लोड चालू ठेवून मोजा

प्रति,
आमच्या भागातील वीज वितरणाची जबाबदारी असणारे सर्व अभियंते व अधिकारी,
नाशिक

विषय : थ्री फेज पुरवठ्यातील दोषांच्या तक्रारी मोजमाप न करता बंद करण्याबाबत

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

अंबड औद्योगिक वसाहतीच्या कडेला माझे मोटार रिवायंडिंगचे, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरण्याचे, दुकान आहे. ते वडिलांनी सुरू केले, त्यांच्याच हाताखाली मी स्लॉटमध्ये तार भरायला शिकले, आणि गेली एकोणीस वर्षे ते मी चालवते आहे. गेल्या महिन्यात माझी तक्रार तिसऱ्यांदा 'पुरवठा सुरळीत, दोष ग्राहकाच्या अंतर्गत जोडणीत' अशी नोंद करून बंद करण्यात आली. तिन्ही वेळा जागेवर आलेल्या कर्मचाऱ्याने खिशातला टेस्टर तिन्ही फेजना (पुरवठ्याच्या तीन जिवंत तारांना) लावला, तिन्ही ठिकाणी दिवा लागला आणि तपासणी संपली. कोणीही मोटार चालू करून, म्हणजे लोडवर, व्होल्टेज मोजले नाही. अर्ज करून उपयोग होत नाही असे दिसल्यामुळे आता हे सगळे आपल्यासमोर आणि लोकांसमोर एकाच वेळी मांडत आहे. माझा राग कोणा एका माणसावर नाही, तपासण्याच्या या पद्धतीवर आहे, म्हणून पत्रात कोणत्याही कार्यालयाचे किंवा कर्मचाऱ्याचे नाव लिहिलेले नाही.

मोटार जळली की काम माझ्याच दुकानात येते, तेव्हा पुरवठा बिघडलेला राहण्यात माझा पैशाचा फायदाच आहे, हे आधीच सांगून टाकते. पण ज्यांच्या मोटारी येतात ते माझे शेजारी आहेत. पाच-सात कामगारांवर पत्र्याचे सुटे भाग बनवून मोठ्या कारखान्यांना पुरवणारा माणूस कॉम्प्रेसर बंद पडला की दोन दिवस हातावर हात ठेवून बसतो, माल वेळेवर गेला नाही म्हणून ऐकून घेतो, आणि तीच मोटार चार महिन्यांनी पुन्हा माझ्या टेबलावर आणतो. त्याच्याकडून दुसऱ्यांदा पैसे घेताना मला संकोच वाटतो, कारण मोटार का जळली ते मला उघडल्याबरोबर दिसलेले असते.

हे कसे दिसते, ते थोडे सविस्तर लिहिते. चार पोलच्या मोटारीत वायंडिंगचे (गुंडाळलेल्या तारेचे) बारा गट असतात, प्रत्येक फेजचे चार. बेअरिंग जाम झाले, पंखा तुटला किंवा मोटारीवर जास्त बोजा पडला, तर बाराही गट सारखे करपतात. एक फेज जाऊन मोटार उरलेल्या दोन फेजवर चालत राहिली, तर जळण्याची खूण वेगळी उमटते. वायंडिंग जोडण्याच्या डेल्टा आणि स्टार अशा दोन पद्धती आहेत. डेल्टा जोडणीत एकाच फेजचे चार गट कोळशासारखे काळे होतात आणि बाकीचे आठ तांब्याच्या मूळ रंगात राहतात. स्टार जोडणीत याच्या उलट, आठ काळे आणि चार स्वच्छ. तिन्ही फेजचे गट पाळीपाळीने येत असल्यामुळे कव्हर काढताच काळ्या-तांबड्या पट्ट्यांचे वर्तुळ समोर येते. बाहेरच्या लाईनमध्ये किंवा आतल्या फ्यूज-स्टार्टरमध्ये कुठेतरी फेज तुटला होता, याचा तो पुरावा असतो. तो बाहेर तुटला की आत, एवढेच शोधायचे राहते, आणि त्यासाठी मोजावेच लागते.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या लाईनवरच्या दोन मोटारी तीन आठवड्यांच्या आत माझ्याकडे आल्या. एक १० अश्वशक्तीची कॉम्प्रेसरची, डेल्टा जोडणीची, तिचे चार गट काळे. दुसरी २ अश्वशक्तीची ग्राइंडरची, स्टार जोडणीची, तिचे आठ काळे. दोन वेगळे मालक, दोन वेगळे स्टार्टर, पण रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) एक आणि लाईन एक. मी कॉम्प्रेसरवाल्यांच्या मीटरपाशी मल्टीमीटर लावला. मोटार बंद असताना तिन्ही फेजमध्ये ४१२, ४१४ आणि ४११ व्होल्ट होते, कोणीही 'ओके' म्हणावे असे. दुरुस्त केलेला कॉम्प्रेसर चालू करून त्याच टोकांवर पुन्हा मोजले, तर ४०९, ३५२ आणि ३६१. तिन्ही फेजना आर, वाय, बी म्हणतात; ज्या दोन आकड्यांत बी फेज येतो ते दोन्ही कोसळले होते. मीटरच्या आधी, म्हणजे आपल्या हद्दीत, बी फेजचा कुठला तरी सांधा कच्चा झाला होता.

हे सगळे आकडे मी लेखी दिले. आलेल्या भल्या माणसाने टेस्टर लावला, दिवा लागला, आणि तक्रार बंद झाली. टेस्टरच्या दिव्याला लागणारा प्रवाह इतका नगण्य असतो की केसाएवढा संपर्क उरलेला सांधाही तो पेटवतो. याहून फसवी गोष्ट म्हणजे, एक फेज पूर्ण तुटलेला असतानाही एखादी मोटार फिरत असेल, तर ती आपल्या वायंडिंगमधून त्या मेलेल्या फेजवर उलटे व्होल्टेज पाठवत राहते. मग टेस्टर तिन्ही ठिकाणी लागतो, दिवेही कमी-जास्त लागतात, आणि फेज गेल्याचे कोणालाच कळत नाही. अशा वेळी तीच मोटार उरलेल्या दोन फेजमधून सुमारे पावणेदोन पट प्रवाह ओढत आतून भाजत असते.

त्यानंतर आठ दिवसांनी रात्री खांबावरून ठिणग्या पडू लागल्या, तेव्हा दुसरा लाईनमन आला. त्याने वर चढून पंधरा मिनिटांत जोड बदलला. ॲल्युमिनियमची लाईन आणि खाली येणारी तांब्याची सर्व्हिस वायर कोणीतरी नुसती पीळ देऊन बांधली होती. त्याने खाली टाकलेला तुकडा मी उचलून ठेवला आहे. ॲल्युमिनियमचे सात पेड होते, त्यांपैकी चार वितळून गोळा झालेत, उरलेल्यांवर पांढुरकी राख आहे, आणि बोट लावले की ती भुकटी होऊन सुटते. ॲल्युमिनियम आणि तांबे थेट जोडले की तापणे-थंड होणे यात सांधा सैल पडतो, ऑक्साइडचा थर चढतो, आणि म्हणून तिथे बायमेटल क्लॅम्प (दोन्ही धातूंना चालणारी पकड) लागतो, हे आपल्या खात्यातल्या प्रत्येकाला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. तो सांधा तापला की सुटायचा आणि निवला की धरायचा. दुसऱ्या दिवशी लोडवर ४०७, ४१० आणि ४०६ व्होल्ट मिळाले. त्या दोन मोटारींच्या तक्रारींवर मात्र 'ग्राहकाच्या अंतर्गत जोडणीत दोष' हा शेरा आजही तसाच आहे.

ही झाली पहिली तक्रार. दुसरी तक्रार असमतोलाची, म्हणजे तिन्ही फेजचे व्होल्टेज सारखे नसण्याची, आहे. ती दिसत नाही, तिचा आवाज होत नाही, म्हणून तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते.

त्या घटनेनंतर मी वही घातली. रोज सकाळी साडेअकरा, दुपारी चार आणि रात्री आठ वाजता मी माझ्या दुकानात तिन्ही फेजमधले व्होल्टेज लोडवर मोजून लिहिते. एप्रिलपासून संध्याकाळच्या नोंदींमध्ये पुन्हा पुन्हा ४२८, ४०२, ३९१ असे आकडे येत आहेत. ४१५ व्होल्टला ६ टक्के कमी-जास्त ही मर्यादा १९५६च्या भारतीय वीज नियमांपासून आपल्याकडे सांगितली जाते, म्हणजे साधारण ३९० ते ४४०. वरचे तिन्ही आकडे या मर्यादेत बसतात, आणि आपल्याकडून मला तोंडी उत्तरही तेच मिळाले. पण तिन्हींची सरासरी ४०७ येते, तिच्यापासून सर्वांत दूरचा आकडा २१ व्होल्टने दूर आहे, म्हणजे असमतोल ५ टक्क्यांच्या वर गेला. मोटारीच्या बाबतीत जगभर वापरला जाणारा आडाखा १ टक्क्याच्या आत राहण्याचा आहे, आणि ५ टक्क्यांच्या पुढे मोटार चालवूच नये असे सांगितले जाते. याचे कारण असे, की व्होल्टेजमध्ये जेवढे टक्के असमतोल असेल त्याच्या सहा ते दहा पट असमतोल प्रवाहात होतो. त्याच संध्याकाळी १० अश्वशक्तीच्या मोटारीवर क्लॅम्प मीटर (तारेभोवती धरून प्रवाह मोजणारा) लावला, तर तीन तारांत १८.५, १३ आणि १०.५ अँपिअर मिळाले. सरासरी १४, पाटीवर लिहिल्याप्रमाणे बरोबर. पण एका तारेतून १८.५ जात होते, आणि जळते ते तिच्याकडचेच वायंडिंग.

असमतोलाच्या टक्क्यांचा वर्ग करून दुप्पट करावी, म्हणजे मोटारीच्या तापमानवाढीत किती टक्के भर पडते याचा अंदाज येतो. ५ टक्क्यांना ही भर सुमारे ५० टक्के होते. इन्सुलेशन नेहमीपेक्षा १० अंश जास्त तापले की त्याचे आयुष्य निम्मे होते, असा रिवायंडिंगवाल्यांचा आणि मोटार बनवणाऱ्यांचा दोघांचाही हिशेब आहे. म्हणजे दहा वर्षे चालायची मोटार दोन-तीन वर्षांत येते. कुठेही फ्यूज उडत नाही, कोणी तक्रार करत नाही. मालक म्हणतो, रिवायंडिंगच कच्चे होते. एकोणीस वर्षे हे मी ऐकून घेतले आहे, आणि कधी कधी चूक माझीच असावी असे समजून पैसे न घेता मोटार पुन्हा भरून दिली आहे.

हा असमतोल येतो कुठून, तेही आमच्या लाईनपुरते मला दिसते आहे. वसाहतीच्या मागच्या बाजूला गेल्या काही वर्षांत इमारती झाल्या, त्यांची सिंगल फेजची मीटर आमच्याच रोहित्रावर आली, आणि त्यांतली बरीचशी एकाच फेजवर बांधली गेली, कारण जोडणाऱ्याच्या हाताला तोच फेज जवळ होता. संध्याकाळी एसी आणि गिझर सुरू झाले की तो फेज दबतो. यावर उपाय नवीन रोहित्र हाच नाही. अर्धा दिवस लाईन बंद ठेवून काही मीटर दुसऱ्या दोन फेजवर वाटून दिली, तरी फरक पडेल.

तिसरी गोष्ट फेजच्या क्रमाची. जूनमध्ये एका रात्री रोहित्र बदलले गेले, काम तातडीचे होते, पावसात झाले, आणि ते करणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. पण आर, वाय, बी हा क्रम तपासला गेला नाही आणि दोन फेज उलटे लागले. सकाळी सगळ्या मोटारी उलट्या फिरल्या. पंप गुरगुरले आणि पाणी कमी आले, हे एकवेळ चालले असते. शेजारच्या कारखान्यात साच्याचे वजन उचलणारा होइस्ट आहे. ऑपरेटरने 'खाली'चे बटण दाबले आणि हूक वर जायला लागला. वरची मर्यादा तोडणारा लिमिट स्विच 'वर'च्या कॉन्टॅक्टरला (मोटारीला वीज जोडणाऱ्या स्विचला) जोडलेला असतो, तेव्हा तो अशा वेळी कामच करत नाही. हूक ड्रमला जाऊन भिडायच्या आत त्या मुलाने मेन स्विच खाली ओढला, म्हणून कोणाला इजा झाली नाही. फेजचा क्रम दाखवणारे यंत्र हातात मावते आणि तपासायला एक मिनिट पुरते.

चौथी तक्रार थोडक्यात लिहिते. रोहित्राच्या ११ केव्हीच्या (उच्च दाबाच्या) बाजूचा एक डीओ फ्यूज (उडाला की खाली लोंबणारा, खांबावरचा) उडाला, तर आमच्याकडे एक फेज पूर्ण २४० व्होल्ट आणि उरलेले दोन साधारण १२० व्होल्ट दाखवतात, फेज-फेजमध्ये दोन ठिकाणी ३६०च्या आसपास आणि एका ठिकाणी जवळपास शून्य येते. तीन साधे बल्ब लावले तरी एक उजळ आणि दोन मंद हे दिसते. एवढे फोनवर सांगितल्यावरही आधी खालचे फ्यूज तपासायला माणूस येतो, तो परत जातो, मग वरच्या फ्यूजसाठी दुसरा माणूस येतो, आणि तोपर्यंत ज्यांनी स्टार्टर बंद केलेले नाहीत त्यांच्या मोटारी भाजतात. न्यूट्रल (परतीची तार) सुटण्याचेही तसेच. मोटारींना न्यूट्रल लागत नाही, त्या नीट चालतात, म्हणून 'मोटार चालतेय ना, मग सप्लाय ठीक आहे' असे उत्तर मिळते, आणि तिकडे एका दुकानात ट्यूबलाईट डोळे दिपवते, दुसऱ्यात मंद पडते, मशीनच्या कंट्रोलची कार्डे मरतात.

शेतावरच्या मोटारींचे दुःख मी माझ्या वहीत मोजलेले नाही, पण दिंडोरी आणि निफाड बाजूचे द्राक्ष बागायतदार एप्रिलच्या खरड छाटणीपासून माझ्याकडे रांग लावतात, तेव्हा ते लिहिल्यावाचून राहवत नाही. तिथे डीपीचा (रोहित्राजवळच्या वितरण पेटीचा) फ्यूज उडाला की लाईनमन येईपर्यंत बाग थांबत नाही. शेतकरी स्वतः पेटी उघडतो आणि हाताला येईल ती तार टाकतो, एका फेजला जाड, दुसऱ्याला बारीक. पुढच्या वेळी बारीक तार एकटी उडते आणि त्या डीपीवरचे सगळे पंप दोन फेजवर चालायला लागतात. त्या पेटीत हात घालणारा माणूस जिवानिशी जाऊ शकतो, हे त्यालाही ठाऊक असते. योग्य मापाची फ्यूज तार डीपीपाशी उपलब्ध असणे आणि ती टाकायला माणूस वेळेत येणे, एवढे झाले तरी माझ्याकडचे उन्हाळ्यातले काम बरेच कमी होईल, आणि ते व्हावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दोष सगळा आपल्याच बाजूचा आहे असे मी म्हणत नाही. अनेक कारखान्यांत सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटार बंद करणारा) लावलेला नसतो, किंवा सारखा ट्रिप होतो म्हणून तोडून ठेवलेला असतो. ओव्हरलोड रिले (प्रवाह जास्त झाला की मोटार बंद करणारा) मोटारीच्या अँपिअरपेक्षा वर फिरवून ठेवलेला मी जवळपास रोज पाहते. शेतात ऑटो स्विच लावून ठेवल्यामुळे लाईट आली की सगळे पंप एकदम उठतात. आता माझ्या दुकानातून कोणतीही मोटार प्रिव्हेंटर पाहिल्याशिवाय परत जात नाही, आणि रिलेचे सेटिंग मी स्वतः जाऊन लावून देते. खांबावर चढणाऱ्या माणसांबद्दलही माझी तक्रार नाही. त्यांच्यातल्या एकाने मला सांगितले की त्याच्याकडे असलेला मीटर त्याने स्वतःच्या पगारातून घेतला आहे. ज्याला मोजायचे साधनच दिले नाही, तो टेस्टर लावूनच निघणार.

विद्युत अधिनियम २००३च्या कलम ५७ मध्ये वितरण परवानाधारकाच्या कामगिरीची मानके ठरवण्याची आणि ती न पाळल्यास ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०२१ साली केलेल्या पुरवठा संहितेच्या विनियमांच्या नावातच वीज गुणवत्तेचा उल्लेख आहे. म्हणजे वीज आली की नाही एवढेच पाहणे पुरेसे नाही, ती कशी आली हेही पाहणे आपले काम आहे, हे कायद्याने मान्य केलेले आहे. कलम ४२ प्रमाणे ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाण्याचा मार्ग मला माहीत आहे आणि गरज पडली तर मी जाईन. त्याआधी आपल्याकडे माझ्या मागण्या अशा आहेत.

थ्री फेजची कोणतीही तक्रार बंद करण्याआधी ग्राहकाच्या मीटरपाशी, लोड चालू ठेवून, फेज-फेज आणि फेज-न्यूट्रल अशी सहा व्होल्टेज मोजावीत, ती वेळेसह कागदावर लिहावीत, त्यावर दोघांची सही असावी आणि एक प्रत ग्राहकाला द्यावी. सहा आकडे नसतील, तर 'पुरवठा सुरळीत' हा शेरा मारू नये. तक्रारीवर जाणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला मल्टीमीटर आणि क्लॅम्प मीटर खात्याकडून मिळावा. रोहित्र बदलल्यावर किंवा लाईन पुन्हा जोडल्यावर फेजचा क्रम तपासून मगच पुरवठा सुरू करावा, आणि क्रम बदलावा लागणारच असेल, तर त्या लाईनवरच्या ग्राहकांना आधी संदेश द्यावा. आमच्या रोहित्रावरच्या सिंगल फेज जोडण्यांची फेजनिहाय मोजणी करून त्या दिवाळीपूर्वी वाटून द्याव्यात. खांबावरचे ॲल्युमिनियम-तांब्याचे पीळ दिलेले जोड शोधून तिथे बायमेटल क्लॅम्प बसवावेत. रात्री थर्मल कॅमेऱ्याने पाहिले तर एका फेरीत ते सापडतील. आणि फेब्रुवारीतल्या त्या दोन मोटारींच्या तक्रारी पुन्हा उघडून त्यांवरचा शेरा दुरुस्त करावा. त्या दोन मालकांना रिवायंडिंगचे पैसे परत मिळावेत ही मागणी त्यांची आहे आणि माझा तिला पाठिंबा आहे. माझ्यापुरता तो शेरा दुरुस्त झाला तरी पुरे.

वहीतल्या एप्रिल ते ऑगस्टच्या पानांच्या छायाप्रती आणि जळालेल्या दोन्ही वायंडिंगचे फोटो या पत्रासोबत आपल्या कार्यालयात दिले आहेत, त्यांची पोच माझ्याकडे आहे. सांध्याचा तो तुकडा दुकानात काचेच्या बरणीत ठेवला आहे. आपल्यापैकी कोणी मोजायला येणार असाल, तर संध्याकाळी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान यावे, त्या वेळी मागच्या इमारतींचा लोड पूर्ण असतो. मी कॉम्प्रेसर चालू ठेवते, मीटर आपला आणावा.

आपली,
एक मोटार रिवायंडिंग कारागीर
अंबड, नाशिक